पोहणारा मुलगा व त्याचे सवंगडी

एखाद्या मुलाने कोणतीही एक विद्या जीव ओतून हस्तगत करण्याचे मनावर घेतले, म्हणजे त्याच्याविषयी दोन वाक्ये हमखास ऐकू येऊ लागतात. वडील मंडळी म्हणतात, "पोरगा नाव काढणार." बरोबरीची मुले म्हणतात, "पोरगा बदलला." ही दोन्ही वाक्ये एकाच मुलास, एकाच महिन्यात, कधी कधी तर एकाच ओट्यावर ऐकावी लागतात. पहिल्या वाक्याने तो सुखावतो. दुसरे त्याच्या मनात सलत राहते आणि त्यास काय उत्तर द्यावे हे त्याला उमगत नाही. आपण असे का म्हणालो, हे त्याच्या मित्रांनाही पुष्कळदा सांगता येत नाही. ह्या लेखात आम्ही त्या दुसऱ्या वाक्याचा विचार करणार आहो. त्यासाठी उदाहरण पोहण्याचे घेतले आहे; कारण महत्त्वाकांक्षा मित्रांना दूर कशी सारते, हे ज्या थोड्या विद्यांमध्ये अगदी मोजून दाखविता येते, त्यांपैकी पोहणे ही एक होय.

आपल्या बीड जिल्ह्यातील मुलगा पोहावयास शिकतो तो बहुधा विहिरीत. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, दक्षिणेकडून मांजरा जाते, मध्ये सिंदफणा व बिंदुसरा ह्या नद्या आहेत. परंतु पावसाळा सरला की त्यांच्या पात्रांत वाळूच अधिक दिसते. तेव्हा मळ्यातील विहीर हीच आपल्या मुलांची पोहण्याची शाळा. शिकणाऱ्याच्या पाठीस रिकामा बंद डबा किंवा वाळलेला भोपळा बांधतात, कमरेस दोर बांधतात, आणि दोराचे दुसरे टोक काठावर उभा राहिलेला थोरला भाऊ, मामा अथवा एखादा दांडगा मित्र हाती धरतो. नवशिका घाबरून हातपाय मारतो, नाकातोंडात पाणी जाते, दोर ओढला जातो, सगळे हसतात, आणि तो पुन्हा उतरतो. पुढे दोर सैल होतो. एके दिवशी डबाही सुटतो. मग कठड्यावरून सूर मारणे, मुटका मारणे, बुडी मारून तळची माती मुठीत घेऊन वर येणे, असे एकाहून एक पराक्रम सुरू होतात.

ह्या साऱ्या खेळात एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तो एकट्याचा खेळच नव्हे. काठावर कोणी नसताना पाण्यात उतरू नये, हा शहाण्या घरांतला नियम आहे आणि तो प्रत्येकाने पाळावा. ज्याने सूर मारला त्यास तो पाहणारा पाहिजे, ज्याने तळ गाठला त्याची मूठ उघडून पाहणारा पाहिजे. विहिरीवरचे पोहणे म्हणजे निम्मे पाणी आणि निम्मी सोबत. गावात ज्यास आपण 'पट्टीचा पोहणारा' म्हणतो, त्याची कीर्ती काठावरच्या मुलांच्या तोंडूनच पसरलेली असते.

आता शर्यतीचे पोहणे पाहा. ते पाण्यातच होते, एवढाच काय तो दोहोंतील सारखेपणा. शर्यतीचा मोठा तलाव ५० मीटर लांब असतो. तरंगत्या दोऱ्या ताणून त्याचे पट्टे पाडलेले असतात. प्रत्येक पट्टा अडीच मीटर रुंद. पोहणाऱ्याचे तोंड बहुतेक वेळ पाण्याखाली असते. त्यास ऐकू येतो तो आपल्याच हातापायांचा खळखळाट, आणि दिसते ती तळाशी आखलेली काळी रेघ. धावणारी दोन मुले शेजारी शेजारी धावत चार शब्द बोलू शकतात. कुस्तीतील मुलास तर समोर दुसरा गडी लागतोच. पोहणाऱ्याने मात्र शेजारच्या पट्ट्यात सख्खा मित्र असला, तरी त्याच्याशी भिंत गाठेपर्यंत एक शब्द बोलता येत नाही.

एवढे कष्ट तरी कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पाण्याच्या स्वभावात आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. त्यातून पुढे जाणाऱ्या शरीरास ते अडविते, आणि ही अडवणूक वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, तर साधारणपणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग दुप्पट करावयाचा तर विरोध चौपट होतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती जवळजवळ आठपट होते. आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनी हे गणित स्वतः करून पाहावे. वेगात शेकडा १ इतकीच वाढ हवी असली, तरी शक्तीत सुमारे शेकडा ३ ची वाढ करावी लागते. नुसती ताकद वाढवून हे साधत नाही. शरीर पाण्यात किती आडवे व सरळ राहते, हाताचा पंजा पाणी कोठे धरतो, मान किती वळते, श्वास केव्हा घेतला जातो, भिंतीशी उलटताना पाय कोठे टेकतात, अशा बारीकसारीक गोष्टींवर पुष्कळ अवलंबून असते. आणि ह्या गोष्टी विचार करून होत नाहीत. त्या अंगवळणी पडाव्या लागतात. म्हणून होतकरू पोहणारा एका बैठकीत चार-पाच हजार मीटर पोहतो. ५,००० मीटर म्हणजे ५० मीटरच्या तलावाच्या १०० फेऱ्या. शंभर वेळा तीच काळी रेघ, शंभर वेळा तीच भिंत. सरावात काही दिवसांचा खंड पडला, तर हातास पाण्याची ओळख राहत नाही, असे पोहणारे सांगतात.

ह्या खटपटीचे मोल किती सूक्ष्म मापाने ठरते, ह्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे हा १९९१ साली जन्मला. किशोरवयातच तो घर व गाव सोडून बंगळूर येथे निहार अमीन ह्या प्रशिक्षकांजवळ पोहण्याचा अभ्यास करू लागला. २००८ साली बीजिंग येथील ऑलिंपिक सामन्यांत तो भारतातर्फे उतरला, तेव्हा त्याचे वय अवघे १६ वर्षांचे होते. २०१० साली चीनमधील ग्वांगझू येथे भरलेल्या आशियाई सामन्यांत ५० मीटर बटरफ्लाय ह्या शर्यतीत त्याने कांस्यपदक मिळविले. त्यापूर्वी १९८६ साली सोल येथे खजानसिंग ह्यांनी रौप्यपदक जिंकले होते. म्हणजे पोहण्यात आशियाई पदक भारतात यावयास मध्ये २४ वर्षे लोटली. पुढे राज्य शासनाने वीरधवलची तहसीलदारपदी नेमणूक केली. मध्यंतरी काही वर्षे नोकरीच्या कामामुळे सरावात खंड पडला, तरी तो पुन्हा पाण्यात उतरला. २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई सामन्यांत ५० मीटर मुक्त शैलीच्या अंतिम शर्यतीत त्यास २२.४७ सेकंद लागले. तिसऱ्या आलेल्या जपानी पोहणाऱ्यास लागले २२.४६ सेकंद. एक शतांश सेकंदाने पदक गेले!

एक शतांश सेकंद म्हणजे किती, हेही मोजता येते. ५० मीटरांस साडेबावीस सेकंद ह्या वेगाने जाणारा मनुष्य एक शतांश सेकंदात सुमारे सव्वादोन सेंटिमीटर पुढे सरकतो. आपल्या अंगठ्याच्या रुंदीएवढेच हे अंतर. जो मुलगा पहाटे चार वाजता अंथरुणातून उठतो, तो ह्या अंगठ्याएवढ्या अंतरासाठी उठतो. मित्राच्या बहिणीच्या लग्नात रात्री थांबावे की घरी येऊन निजावे, असा प्रश्न त्याच्यापुढे येतो, तेव्हा त्याच्या मनापुढे तेच अंगठ्याएवढे अंतर उभे असते. हे ज्यास ठाऊक नाही, त्यास त्याचे वागणे विक्षिप्त वाटावे ह्यात नवल नाही.

आता त्याच्या दिवसाचा जमाखर्च मांडू. दिवसाचे तास २४. वाढत्या वयाच्या मुलास ८ ते १० तास झोप हवी, असे वैद्यक सांगते. आपण ८½ तास धरू. सकाळ-संध्याकाळ मिळून पोहणे, अंगाचा व्यायाम आणि तलावापर्यंत जाणेयेणे ह्यांस ५½ तास. शाळेस ६½ तास. जेवणे, स्नान, घरातील काम ह्यांस १½ तास. अभ्यासास २ तास. बेरीज करा: २४ भरले. शिल्लक शून्य! ओट्यावरच्या गप्पा, संध्याकाळची लगोरी, जत्रेतील फेरफटका, आजारी मित्राच्या उशाशी बसणे, ह्यांपैकी कशासही ह्या हिशेबात रकाना नाही. जे काही करावयाचे ते झोपेतून अथवा अभ्यासातून काढून करावे लागते. शिवाय त्याची संध्याकाळ आठ वाजता संपते, आणि त्याच्या सवंगड्यांची तेव्हा कोठे रंगू लागते. ते ज्या वेळी झोपेत असतात त्या वेळी तो जागा, आणि ते जागे तेव्हा तो झोपेत. एकाच गल्लीत राहणारी ही मुले जणू दोन निरनिराळ्या देशांत राहू लागतात. मैत्रीत अंतर पडले ते प्रथम मनाने नव्हे, घड्याळाने पाडले, हे येथे ध्यानात ठेवावे.

आपल्या जिल्ह्यातील मुलास ह्यात आणखी एक अडचण आहे. आष्टी तालुक्यातील मांडवा गावच्या अविनाश साबळेचे नाव आज सर्वांस ठाऊक आहे. गाडीची सोय नसल्याने लहानपणी तो सुमारे सहा किलोमीटर पायी व धावत शाळेस जाई. पुढे सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये, भरती झाल्यावर त्याच्या धावण्यास वळण लागले. ३,००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल सामन्यांत रौप्यपदक आणि २०२३ साली हांगझू येथील आशियाई सामन्यांत सुवर्णपदक मिळविले. त्याच्या पायांची पहिली तयारी गावच्या रस्त्यावर होऊ शकली. कारण रस्ता दुष्काळातही आटत नाही. पाण्याचे तसे नाही. २०१६ सालच्या उन्हाळ्यात धनेगावच्या मांजरा धरणाने तळ गाठला आणि लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, ही गोष्ट आपण विसरलेलो नाही. अशा वर्षी पिण्यास पाणी मिळाले तरी पुष्कळ. पोहण्याचे नाव कोण काढणार? आणि चांगल्या पावसाच्या वर्षीसुद्धा विहीर ५० मीटर लांब नसते, तिच्यात सेकंदाच्या शतांशाचा हिशेब होत नाही. मुलींस तर विहिरीचा काठही सहसा मोकळा मिळत नाही. म्हणून आपल्याकडील ज्या मुलास अथवा मुलीस पोहण्यात पुढे जावयाचे आहे, त्यास आज ना उद्या मोठ्या शहराची वाट धरावी लागते. नद्यांच्या काठी वसलेल्या कोल्हापूरच्या वीरधवलासही बंगळूर गाठावे लागले. मग आपल्या कोरडवाहू मुलखाची कथा काय!

येथवर आम्ही वेळेचे व पाण्याचे गणित सांगितले. पण निव्वळ गणिताने मित्रांचे दुःख उलगडत नाही. कारण मित्र दूर जाणे ही गोष्ट आपल्या मुलांस मुळीच नवी नाही. दसरा झाला की आपल्या जिल्ह्यातील गावोगाव मुकादमांच्या गाड्या भरू लागतात. ऊसतोडीस निघालेल्या आईबापांबरोबर पुष्कळ मुलेही जातात. आमच्यासारख्या शिक्षकांस ही गोष्ट वर्गातील रिकाम्या जागांवरूनच कळते. काही मुले आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात, बाकीची पाच-सहा महिने कारखान्याच्या भागात खोपीत राहतात. उन्हाळ्यात टोळ्या परततात, आणि दुसऱ्याच दिवशी ही मुले जुन्या मित्रांबरोबर विहिरीवर दिसतात. सहा महिन्यांत एक पत्र नाही, निरोप नाही, तरी कोणी म्हणत नाही की, "तू आम्हांस सोडून गेलास." कोणी त्यास गर्विष्ठ म्हणत नाही. उलट गाडीतून उतरलेल्या मुलास खेळात घेताना त्याच्यासाठी जागा केली जाते.

मग पोहण्याच्या सरावास जाणाऱ्या मुलास मात्र, "लईच मोठा झालास की रं!" असे का ऐकावे लागते? तो तर ऊसतोडीस गेलेल्या मुलापेक्षा कमी दिवस दूर असतो. आमच्या मते त्याचे कारण असे: गरजेने गेलेल्यास मन क्षमा करते, आवडीने गेलेल्यास करीत नाही. ऊसतोडीचा मुलगा गेला तो जावे लागले म्हणून गेला. त्याने मित्रांस तोलून पाहिले नाही. पोहणारा मुलगा गेला तो आपण होऊन गेला. त्याच्यापुढे दोन वाटा होत्या, एकीवर आम्ही उभे होतो आणि दुसरीवर पाणी; त्याने पाणी निवडले. मित्रांच्या मनास लागते ते हे निवडणे. शिवाय त्याच्या निवडीमुळे त्यांच्यापुढेही एक नकोसा प्रश्न उभा राहतो, की हा जर काही मोठे करावयास निघाला, तर आपण काय करावयाचे? ह्या प्रश्नाची टोचणी चुकविण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्यास गर्विष्ठ ठरविणे.

मित्रांचे हे दुःख खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. ते खरे आहे, आणि प्रेमातूनच उत्पन्न झालेले आहे. ज्याची किंमत नाही, त्याच्या जाण्याने कोणी चिडत नाही. पण ते दुःख आहे, पुरावा नव्हे. मित्र दुखावले एवढ्यावरून पोहणाऱ्याने अपराध केला असे सिद्ध होत नाही. तसेच उलटही खरे आहे: पोहणाऱ्याजवळ वेळ नाही एवढ्यावरून त्याचे सर्व वागणे निर्दोष ठरत नाही. वेळ नसणे वेगळे आणि मन नसणे वेगळे. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून घोटाळा होतो.

हा भेद ओळखण्याच्या काही खुणा आहेत. जो मुलगा भेटला की आपल्याच सेकंदांविषयी बोलतो, आणि मित्राच्या परीक्षेचे, त्याच्या घरच्या बैलाचे, त्याच्या आईच्या दुखण्याचे काही विचारीत नाही, त्याजवळ वेळ नाही असे नव्हे, मन नाही. जो मित्रांस केवळ काठावर उभे राहून वेळ मोजण्यापुरते बोलावितो, आणि शर्यत हरल्यावर त्यांच्याशी तुसडेपणाने वागतो, त्याने मित्रांचे नोकर केले. जो आपल्याहून हळू पोहणाऱ्या जुन्या सोबत्यास आता हसू लागला, ज्याने कधीकाळी त्याचा दोर धरला होता, त्याच्याविषयी मित्र जे म्हणतात ते दुर्दैवाने खरेच आहे. महत्त्वाकांक्षा वाईट नाही. परंतु ती मनुष्यास माणसे मोजण्याची सवय लावते, आणि ती सवय वाईट.

आणि हिचा परिणाम इतरांवरच होतो असे नाही. अमेरिकेतील मायकेल फेल्प्स ह्याने २००४ पासून २०१६ पर्यंतच्या ऑलिंपिक सामन्यांत मिळून २८ पदके मिळविली, त्यांपैकी २३ सुवर्णाची; ऑलिंपिकच्या इतिहासात एवढी पदके आजवर दुसऱ्या कोणास मिळालेली नाहीत. त्याच फेल्प्सने पुढे उघडपणे सांगितले आहे की, सामने आटोपल्यावर आपण पुनःपुन्हा खोल निराशेत बुडत होतो, एकदा तर जगणेच नकोसे झाले होते, आणि आपण मदत मागितली, दुसऱ्यांपाशी बोललो, तेव्हा त्यातून वर आलो. ज्यास पाण्याने कधी बुडविले नाही, त्यासही काठावरच्या माणसांची गरज लागली. आमच्या विद्यार्थ्यांस हे सांगण्याचे कारण एवढेच की, पदक मिळाले म्हणजे सोबतीची उणीव भरून निघते, असा कोणाचा समज असेल तर तो त्यांनी टाकून द्यावा.

आपल्याकडचे एक उदाहरण ह्याच्या जोडीस देतो. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात त्यांस गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून त्यांस पाण्यात उतरविण्यात आले. त्या उपचारातून एक पोहणारा तयार झाला, आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक सामन्यांत त्यांनी ५० मीटर मुक्त शैलीत ३७.३३ सेकंदांचा विक्रम करून सुवर्णपदक मिळविले. २०१८ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले. पट्ट्यात ते एकटेच पोहले हे खरे. परंतु ज्यांचे पाय चालत नाहीत, त्यांस पाण्यापर्यंत नेणारे व पाण्यातून बाहेर घेणारे हात लागतातच. धडधाकट पोहणाऱ्याचेही तसेच असते, फक्त त्यास ते हात दिसत नाहीत. पहाटे उठून चूल पेटविणारी आई, फीचे पैसे जमविणारा बाप, चुकलेल्या धड्यांची वही आणून देणारा वर्गमित्र, हे सर्व त्याच्या पट्ट्यात उतरलेले असतात.

आता काय करावे, हे थोडक्यात सांगतो.

जो मुलगा अथवा मुलगी अशा विद्येच्या मागे लागली आहे, तिने प्रथम आपल्या मित्रांस आपला जमाखर्च उघडून दाखवावा. "मला वेळ नाही" असे म्हणू नये. ते वाक्य दार लावून घेतल्यासारखे ऐकू येते. "मी चार वाजता उठतो, आठ वाजता निजतो, रविवारी दुपारी दोन तास मोकळा असतो; त्या वेळी ये" असे म्हणावे. ज्यास आकडे कळले, त्याचा निम्मा राग ओसरतो. दुसरे, जो थोडा वेळ मिळेल त्यात आपल्या शर्यतीची गोष्ट शेवटी काढावी, मित्राची आधी विचारावी. तिसरे, जुन्या विहिरीवर वर्षातून दोनचार वेळा तरी जावे आणि तेथे शर्यत लावू नये. धाकट्या मुलांपैकी एखाद्याचा दोर आपण हाती धरावा. ज्या हातांनी आपणांस शिकविले, त्यांचे ऋण फेडण्याचा हा उत्तम मार्ग आहे.

मित्रांनी काय करावे? त्यांनी एवढेच करावे की, ऊसतोडीहून आलेल्या सोबत्यास जशी जागा करून देता, तशीच ह्यासही द्यावी. तो आला नाही म्हणून त्यास बोलावणे सोडू नये. दहा वेळा नाही म्हणणारा अकराव्या वेळी येतो, पण अकरावे बोलावणे गेले पाहिजे. तो हरून आला तर त्या दिवशी "आम्ही म्हणत नव्हतो का" असे म्हणू नये. आणि त्याच्या चिकाटीने आपल्या मनास टोचणी लागत असेल, तर त्या टोचणीचा उपयोग त्यास खाली ओढण्याकडे न करता आपणही काही एक काम नेटाने धरण्याकडे करावा. ते काम पोहणेच असले पाहिजे असे नाही. वही नीट लिहिणे, गाईची निगा राखणे, गणिताचा एक अवघड भाग तडीस नेणे, ह्यांपैकी काहीही चालेल.

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलाच्या कौतुकासाठी त्याच्या मित्रांस कमी लेखू नका. "त्या रिकामटेकड्यांत जाऊ नकोस, तुला पुढे जावयाचे आहे," हे वाक्य पुष्कळ घरांत प्रेमाने उच्चारले जाते, आणि ते मित्रांच्या कानी गेल्यावाचून राहत नाही. मुलाने जे अंतर घड्याळामुळे ठेवले, त्यास ह्या एका वाक्याने तिरस्काराचे रूप येते. त्यापेक्षा रविवारी ती मुले घरी आली तर त्यांस भाकरी वाढा, आणि मुलगा दमून निजला असेल तर तसे त्यांस गोडीने सांगा. तो निजला होता, टाळत नव्हता, हे त्यांस तुमच्याकडून कळले तर पुरे.

शेवटी एक हिशेब आणखी मांडतो. वीरधवल खाडे ह्याने २०२३ साली गोव्यात भरलेल्या राष्ट्रीय सामन्यांत ५० मीटर मुक्त शैलीचे सुवर्णपदक जिंकले. त्याच सामन्यांत त्याची पत्नी ऋजुता हिनेही स्त्रियांच्या ५० मीटर शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर त्याने शर्यतीचे पोहणे थांबविले. तेव्हा त्याचे वय ३२ वर्षांचे होते. पोहणाऱ्याची शर्यतीची कारकीर्द फार झाले तर तिशीच्या आसपास संपते. मनुष्य साठ-सत्तर वर्षे जगला, तर त्यापुढची तीस-चाळीस वर्षे त्यास सेकंद मोजावे लागत नाहीत, आणि पहाटे चारला उठण्याची सक्तीही उरत नाही. त्या वर्षांत संध्याकाळी ओट्यावर कोणी शेजारी बसावयास असेल की नाही, हे त्याने व त्याच्या मित्रांनी पंधराव्या-सोळाव्या वर्षी परस्परांशी कसे वर्तन केले, ह्यावर पुष्कळसे अवलंबून राहील. म्हणून मुलांनो, ज्यास शर्यत जिंकावयाची आहे त्याने ती जीव तोडून जिंकावी. आणि ज्यांचा मित्र शर्यतीस गेला आहे, त्यांनी त्याची काठावरची जागा दुसऱ्या कोणास देऊ नये.